बाळ दुबईत, आजी म्हार्दोळात

आमच्या मुलीचं नाव बाराव्या दिवशी बारशाला जाहीर करायचं, अशी सासूबाईंची अट होती. रुग्णालयातल्या बाईने ते दुसऱ्याच दिवशी फॉर्मवर मागितलं. मी टाके सांभाळत अंथरुणावर, नवरा फोनवर, फोनच्या पलीकडे गोव्यात म्हार्दोळला सासूबाई भटजींना शोधताहेत आणि ते कुठल्या तरी मुंजीत अडकलेले. शेवटी राशीचं अक्षर मिळालं, नाव ठरलं. बारसं बाराव्या दिवशी झालं खरं, पण आत्याने बाळाच्या कानात सांगितलेलं नाव तोवर सरकारी कागदावर छापून आलं होतं.

आता आम्ही फोंड्याला परतलोय. पण महिन्याकाठी एखादी तरी मुलगी, कुणाची भाची, कुणाची नवीन सून, ‘तिथे कसं केलंत हो?’ म्हणून फोन करते. दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढते. माझा अनुभव दुबईचा. लंडन-स्विंडनला किंवा जर्मनीला जाणाऱ्यांनी कागदांचा भाग तिथल्या नियमांनुसार ताडून घ्यावा. बाळाचा भाग सगळीकडे सारखाच.

एक गोष्ट आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. आपल्या घरी बाळंतिणीची निम्मी कामं कुणी केली तेच कळत नाही. पाणी कुणी तापवलं, दुपटी कुणी वाळत घातली, लशीची तारीख कुणाच्या लक्षात राहिली, काही पत्ता नसतो. परदेशात यातलं एकही काम आपोआप होत नाही. प्रत्येकाला तारीख लागते आणि करणाऱ्याचं नाव लागतं. ती यादी बाळ यायच्या आधी लिहा. आणि प्रत्येक कामापुढे आईचंच नाव येत असेल तर यादी फाडून पुन्हा लिहा.

बाळंतपण कुठे?

हा निर्णय सहाव्या महिन्यापर्यंत व्हायला हवा. अठ्ठावीस आठवड्यांनंतर बहुतेक विमान कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात आणि छत्तीसच्या आसपास बसूच देत नाहीत.

माहेरी येऊन बाळंतपण करायचं तर हात भरपूर मिळतात. आई असते, न्हाऊ घालणारी बाई असते. कुणीतरी कायम घरात असतं. पण नवरा तिकडे राहतो, आणि बाळाला तिकडे न्यायचं तर पंचायतीचा किंवा पालिकेचा जन्मदाखला, त्याचं साक्षांकन, पासपोर्ट, मग तिथला प्रवेश परवाना, अशी रांग लागते. माझ्या एका मैत्रिणीच्या नवऱ्याने मुलगा पहिल्यांदा पाहिला तो पाच महिन्यांचा. बाळाला बाप अनोळखी माणूस वाटला आणि ते रडलं. ती हे हसत सांगते, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचत नाही.

तिकडेच करायचं तर आधी विमा कंपनीला फोन करा आणि तीन प्रश्नांची उत्तरं लेखी घ्या. बाळंतपण बसतं का? सिझेरियनची मर्यादा किती? बाळाला अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं तर तो खर्च कोण देणार? दुबईत नवजात बाळाला पहिले ३० दिवस आईच्या विम्याचं छत्र असतं. एकतिसाव्या दिवशी ते संपतं. बाळाचं नाव विम्यात घालण्याचं काम नवऱ्याच्या यादीत टाका आणि तारीख विसाव्या दिवसाची लिहा.

रजेचा हिशोबही इथेच मांडा. भारतात पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, म्हणून तिकडेही साधारण तसंच असेल असं मला वाटलं होतं. यूएईच्या, म्हणजे दुबई ज्यात येते त्या संयुक्त अरब अमिरातीच्या, खासगी कंपन्यांत ती ६० दिवस आहे, ४५ पूर्ण पगारी आणि १५ अर्ध्या. वडिलांना पाच कामाचे दिवस, तेही बाळाच्या पहिल्या सहा महिन्यांत कधीही घेता येतात. नवऱ्याने पाचही दिवस पहिल्याच आठवड्यात संपवू नयेत, असं माझं ठाम मत. तेव्हा रुग्णालयातले लोक असतात, आजी असते. दोन दिवस आजी परत जाईल त्या आठवड्यासाठी राखून ठेवा.

गोव्यातून निघण्यापूर्वीचे कागद

तिकडे बाळाच्या जन्माची नोंद करताना पहिला कागद मागतात तो आई-वडिलांच्या लग्नाच्या दाखल्याचा. इथे आपण गोंयकार थोडे सुखी. पोर्तुगीज काळापासून आलेल्या नागरी कायद्यामुळे आपल्याकडे लग्नाची नोंदणी सक्तीची आहे, त्यामुळे ‘सह्या’ न करता हॉलवर अक्षता पडणं क्वचितच. पण सह्या झाल्या म्हणजे कागद तयार झाला असं नाही. मुलकी निबंधकांच्या कार्यालयातून दाखल्याच्या ताज्या प्रती काढा. त्यावर राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं, मग यूएईच्या दूतावासाचं, असा शिक्क्यांचा प्रवास असतो. युनायटेड किंगडम किंवा पोर्तुगालसाठी अपोस्टिल पुरतं, म्हणजे करारातल्या देशांनी एकमेकांच्या कागदांसाठी मान्य केलेला एकच शिक्का, कारण हे देश आणि भारत त्या करारात आहेत. हे सगळं दुबईत बसून कुरियरने करायचं म्हणजे दुप्पट पैसे आणि चौपट मनस्ताप.

शिक्के मारायच्या आधी नावं वाचा. अक्षरन् अक्षर वाचा. आपल्याकडे प्रभुदेसाई एका कागदावर एकत्र, दुसऱ्यावर तोडून. आजोबांच्या काळात पोर्तुगीज वळणाने लिहिलेलं आडनाव एका दाखल्यात, इंग्रजी वळणाचं दुसऱ्यात. बाईचं लग्नाआधीचं नाव वेगळं, लग्नात ठेवलेलं आणखी वेगळं. माझ्या पासपोर्टवर माहेरचं नाव होतं आणि लग्नाच्या दाखल्यात एक अक्षर जास्त. त्या एका अक्षरासाठी माझ्या वडिलांनी डिचोलीहून तीन फेऱ्या मारल्या. मुलीचा जन्म तोंडावर आलेला असताना.

आता पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांविषयी, कारण गोव्यात हा विषय दर दुसऱ्या घरात आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांच्या वंशजांना तो मार्ग मोकळा आहे आणि बरेच जण त्याच वाटेने इंग्लंडला गेले. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. परदेशात जन्मलेल्या बाळाला भारतीय नागरिक करायचं तर जन्माची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात करावी लागते, आणि त्या वेळी बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आई-वडिलांना लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. तेव्हा आई-वडिलांपैकी एकाचा पासपोर्ट पोर्तुगीज असेल तर बाळाचा कुठला, हे पाळणा विकत घ्यायच्या आधी ठरवा. दोन्ही बाजूंना अर्ज करून ‘बघू काय येतं’ हा खेळ इथे चालत नाही.

कोण येणार, कधी येणार

पाहुण्यांचा व्हिसा ३० किंवा ६० दिवसांचा मिळतो. दोन्ही आज्यांना एकदम बोलावू नका. एका स्वयंपाकघरात दोन आज्या आणि मध्ये बाळंतीण, हा प्रयोग मी करून पाहिलाय. चार दिवसांत मेथीच्या पेजेत गूळ किती यावरून दोघी एकमेकींशी फक्त माझ्यामार्फत बोलू लागल्या. एकीनंतर दुसरी बोलवा, मध्ये आठवड्याचं अंतर ठेवा. ते अंतर मुद्दाम ठेवायचं असतं. त्या आठवड्यात तुम्हा दोघांना कळतं की आपल्याला काय जमतं आणि काय नाही, आणि दुसरी आजी उतरते तेव्हा तिला नेमकी कामं सांगता येतात.

माझी आई बाळंतपणाच्या दहा दिवस आधी आली, हे योग्य झालं. सासूबाईंच्या बाबतीत आम्ही चुकलो. त्यांची तिकिटं काढली आणि मग पंचांग उघडलं. चवथ! म्हार्दोळच्या घरचा गणपती, माटोळी, वीस माणसांच्या पंगती, आणि त्या घरची मोठी सून, म्हणजे सासूबाई, दुबईत? शक्यच नव्हतं. तिकिटं बदलली, दंड भरला. गोव्यातून कुणी मदतीला येणार असेल तर आधी चवथ, मग घरातली लग्नं, मग देवळातली जत्रा पाहा, आणि उरलेल्या दिवसांत व्हिसा बसवा.

येणाऱ्या आजीचा प्रवास-आरोग्य विमा काढा. तिची रक्तदाबाची औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट येऊ द्या. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं तिकडे नियंत्रित यादीत आहेत. परवानगीशिवाय ती पिशवीत सापडली तर आजी विमानतळावरच अडकेल.

बॅगेत काय, बॅगेबाहेर काय

हा भाग मी सगळ्यात जोर देऊन सांगते: खसखस नको. यूएईत ती बंदी घातलेल्या पदार्थांत मोडते. आणि आपले डिंकाचे लाडू खसखशीशिवाय होत नाहीत, हे आईला माहीत असतं, विमानतळावरच्या अधिकाऱ्याला नसतं. माझ्या आईने लाडू वळताना हे लक्षात ठेवून डिंक, खारीक, खोबरं, बदाम यांवर भागवलं. चवीत काही कमी वाटलं नाही. विड्याची पानंही नकोत. जेवणानंतरच्या विड्याऐवजी बाळंतशोपा भाजून ओव्याबरोबर खायच्या. इंग्लंडला जाणाऱ्यांनी दुधाचे पदार्थ भारतातून न्यायचे नाहीत, म्हणजे घरचं तूपही मागे ठेवायचं.

दुबईच्या करामा भागातल्या दुकानांत अळीव, डिंक, सुंठ, मेथी, नाचणी, खोबरेल सगळं मिळतं. मग बॅगेत काय भरायचं? जे तिथे मिळत नाही ते. आमच्या बॅगेत उकडे तांदूळ होते. ते तिकडेही मिळतात, पण आमच्या पेजेचा वास त्यांना येत नाही. शिवाय जुन्या सुती साड्यांची दुपटी, अगदी मऊ झालेली.

त्या दुपट्यांची एक गोष्ट. आईने ती वर्षानुवर्षं पेटीत ठेवलेली, डांबरगोळ्या घालून. बॅग उघडली आणि खोलीभर तो वास. तिकडे नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन काही चाचण्या करतात, त्यांत जी-६-पीडी नावाच्या विकराची कमतरताही तपासतात. ती कमतरता असलेल्या बाळाला डांबरगोळ्यांच्या नॅफ्थलीनमुळे रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. परिचारिकेने हे सांगितलं तेव्हा आई खुर्चीतच बसली. आमच्या मुलीची चाचणी ठीक आली, पण दुपटी मात्र गरम पाण्यात धुऊन दोन दिवस बाल्कनीत उन्हात टाकली, वास पूर्ण जाईपर्यंत. इथून कपडे पाठवणाऱ्यांनी डांबरगोळीची पेटी उघडूच नये. दुसऱ्या कपाटातले द्या.

पहिले चाळीस दिवस

रुग्णालयातून घरी यायच्या दिवसापासून बाळाची कारसीट लागते. यूएईत चार वर्षांखालच्या मुलांना ती कायद्याने सक्तीची आहे. आपल्याकडे बाळ आजीच्या मांडीवर, कदंब बसमध्ये सुद्धा. तिकडे ते चालत नाही, आणि खरं तर इथेही चालू नये. सीट महिनाभर आधी घ्या आणि रिकामीच बसवून, काढून, पुन्हा बसवून पाहा. माझ्या नवऱ्याने ती पार्किंगमध्ये पहिल्यांदा उघडली तेव्हा बाहेर ४३ अंश होते.

दूध. दिवसरात्रीतून आठ ते बारा वेळा अंगावर पाजायचं. दूध पुरतं का, हा प्रश्न प्रत्येक फोनवर प्रत्येक नातेवाईक विचारणार. उत्तर लंगोटात असतं. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओले डायपर आणि दोन आठवड्यांपर्यंत जन्माचं वजन परत, एवढं असेल तर पुरतंय. फोनवरच्या मावशीला एवढंच सांगायचं. पावडरचं दूध द्यावं लागलं तर पाणी उकळून, ७० अंशांखाली उतरायच्या आत पावडर मिसळायची आणि मग थंड करून पाजायचं. कोमट पाण्यात ढवळायचं नाही, कारण पावडर निर्जंतुक नसते.

घुटीवरून आमच्याकडे वाद झाला, तुमच्याकडेही होईल. जायफळ, वेखंड, मुरडशेंग सहाणेवर उगाळून मधात, हे माझ्या आजेसासूपर्यंत सगळ्यांनी केलं. पण सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नको, हे जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं. आणि मध तर वर्षापर्यंत अजिबात नको, कारण त्यातल्या जिवाणूंमुळे बाळाला बोटुलिझम होऊ शकतो. जायफळाने बाळ ‘शांत झोपतं’ ते गुंगीने. मी सासूबाईंशी वाद घातला नाही. त्यांना डॉक्टरांकडे सोबत नेलं आणि प्रश्न त्यांनाच विचारू दिला. उत्तर सुनेने दिलं की भांडण, डॉक्टरांनी दिलं की माहिती. काजळाचंही तसंच, त्यात शिसं असू शकतं. दृष्ट मात्र सासूबाईंनी पुढे व्हिडिओ कॉलवरून मीठ-मोहरी ओवाळून काढली. त्याला कुणाची हरकत नव्हती.

नाळेला हळद-तेल काही नको. कोरडी ठेवा, एक-दोन आठवड्यांत पडते. मालीश खोबरेलाने, हलक्या हाताने, बाळाला आवडेल तेवढीच.

धुरीचा किस्सा सांगायलाच हवा. न्हाऊन झाल्यावर ओवा, वेखंड आणि लसणीच्या सालींची धुरी देण्यासाठी आईने तव्यावर कोळसा पेटवला. दुसऱ्या मिनिटाला छतावरचा धुराचा यंत्रबाबा किंचाळायला लागला, चौथ्या मिनिटाला इमारतीचा, आणि आम्ही चौदा मजले जिन्याने खाली. मी बाळ छातीशी धरून, आई नऊवारी सावरत, सोबत फिलिपिनो, मल्याळी, लेबनानी शेजारी. सुरक्षारक्षकाने विचारलं, ‘कुकिंग?’ आईने मान डोलावली. धूर बाळाच्या फुप्फुसांना वाईटच, हे डॉक्टरांनी आधी सांगून पटलं नव्हतं. चौदा मजल्यांनी पटलं. एक फायदा झाला: त्या दिवशी खाली भेटलेली मल्याळी शेजारीण पुढचं वर्षभर माझा सगळ्यात मोठा आधार होती.

झोप. बाळ पाठीवर, सपाट आणि टणक गादीवर, तुमच्याच खोलीत पण स्वतःच्या पाळण्यात. त्या पाळण्यात दुसरं काहीही नको. मोहरीची उशी, खेळणी, जाड गोधडी, सगळं बाहेर. डोकं गोल व्हावं म्हणून दिलेली मोहरीची उशी मी आईच्या डोळ्यांदेखत कपाटात ठेवली. तिला वाईट वाटलं. दिवसा बाळ जागं असताना, आपण समोर बसून थोडा वेळ पोटावर ठेवलं की डोकं आपोआप नीट होतं. आमचा एसी २४ वर असायचा, झोत पाळण्यावर नाही. ऊब पाहायची ती मानेवर हात लावून. हाता-पायाचे तळवे गार लागले म्हणून टोपरं-मोजे चढवत सुटू नका.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिकडे बाळाला उन्हात न्यायचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे ड जीवनसत्त्वाचे थेंब, रोज ४०० युनिट, डॉक्टरांना विचारून पहिल्या दिवसांपासून. आपल्या अंगणातलं कोवळं ऊन हे कावीळ घालवण्याचं औषध समजतात, तेही सोडून द्या. बाळ पहिल्या चोवीस तासांत पिवळं दिसलं, किंवा पिवळेपणा पोट-पायांपर्यंत उतरला, तर रक्त तपासायचं.

आणि हे फ्रिजवर चिकटवा, मराठीत आणि मोठ्या अक्षरांत, आजीला चष्म्याशिवाय वाचता येईल असं: तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश किंवा जास्त ताप, दूध ओढेनासं होणं, धाप किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाणं, हिरवी उलटी, न उठणारी सुस्ती. यातलं एकही दिसलं तर वाट पाहायची नाही, रात्रीचे तीन असले तरी डॉक्टर. दुबईत रुग्णवाहिकेचा क्रमांक ९९८. इमारतीचं नाव, रस्ता, मजला हेही त्याच कागदावर इंग्रजीत लिहा, कारण घाबरलेल्या आजीला तेच सांगता येत नाही.

एकशेवीस दिवसांची शर्यत

यूएईत जन्मलेल्या बाळाचा निवासी व्हिसा १२० दिवसांत व्हावा लागतो, नाहीतर दिवसागणिक दंड. चार महिने म्हणजे खूप वाटतात. पण क्रम असा: जन्मदाखला, मग भारतीय दूतावासात जन्मनोंदणी आणि पासपोर्ट, पासपोर्ट आल्यावर व्हिसा आणि ओळखपत्र. प्रत्येक टप्पा मागच्यावर अडतो. पहिल्या दोन आठवड्यांत दाखला आणि सहाव्या आठवड्याच्या आत पासपोर्टचा अर्ज, ही आमची मुदत होती. कामं सगळी नवऱ्याकडे. मी फक्त सही केली.

दाखला हातात आला की काउंटरवरून हलायच्या आधी वाचा. तो अरबीतही असतो आणि अरबीत ‘प’ नाही, ‘व’चाही ‘फ’ होतो. ‘पूर्वा’ नावाची मुलगी तिथे ‘बूरफा’ होऊ शकते. अरबी येणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याकडून नावं मोठ्याने वाचून घ्या. इंग्रजीतलं नाव पासपोर्टवर जसं हवं तसंच्या तसं दाखल्यावर हवं. राशीचं नाव वेगळं असेल तर ते पत्रिकेत राहू द्या.

बाळाच्या पासपोर्टसाठी फोटो काढताना डोळे उघडे, तोंड बंद, मागे पांढरं, आणि हात दिसता कामा नयेत. आम्ही जमिनीवर पांढरी चादर घातली, बाळ पाजून ठेवलं आणि नवरा स्टुलावर उभा राहिला. साठ फोटोंतला एक चालला.

आईचं काय

आई गेली त्या दिवशी विमानतळावरून परत येताना मी ठीक होते. दुसऱ्या दिवशी नवरा कामावर गेला. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सात. फ्रिजचा आवाज, एसीचा आवाज, आणि बाल्कनीच्या काचेपलीकडे धुळीने पांढरं पडलेलं आकाश. गोव्यात तेव्हा पाऊस कोसळत होता. फोनवर आई विचारायची, ‘गो, तूं जेवलें?’ मी हसून हो म्हणायचे. फोन ठेवला की रडू यायचं, आणि का ते सांगता यायचं नाही. बाळ सहा आठवड्यांचं होतं. नेमकं त्याच सुमारास बाळांचं रडणंही सगळ्यात जास्त असतं, तीन-चार महिन्यांपर्यंत ते ओसरतं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी स्वतःला कमी दोष दिला असता.

बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत रडू येणं, चिडचिड होणं नेहमीचं, दोन आठवड्यांत उतरतं. त्यानंतरही उतरलं नाही, झोपायला मिळूनही झोप येत नसेल, बाळाकडे पाहून काही वाटत नसेल, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. तपासणीला एडिनबर्ग प्रश्नावली वापरतात, दहा प्रश्न, मागच्या सात दिवसांविषयी. मी ती माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाच मिनिटांत भरली आणि गुण पाहून त्यांनी खुर्ची जवळ ओढली. पुढे समुपदेशनाच्या सहा बैठका आणि घरात काही बदल, एवढ्यावर मी सावरले. काहींना औषध लागतं. स्तनपान चालू असताना घेता येतील अशी औषधं असतात. स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असा विचार आला तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालयात जायचं. बाळ रडून रडून हाताबाहेर वाटलं तर ते पाळण्यात पाठीवर ठेवा आणि दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. हलवायचं, गदागदा झटकायचं कधीही नाही.

घरातले बदल हे: रात्रीचा एक सलग पाच तासांचा तुकडा माझा. आधी काढून ठेवलेलं दूध नवरा वाटी-चमच्याने पाजायचा. रोज संध्याकाळी ऊन कलल्यावर घराबाहेर पाऊल, उन्हाळ्यात मॉलमध्ये का होईना. आठवड्यातून दोनदा मल्याळी शेजारणीकडे चहा. आणि फोनची वेळ ठरवली. दुबई भारताच्या दीड तास मागे. म्हार्दोळला संध्याकाळी सातला दिवा लागतो तेव्हा आमच्याकडे साडेपाच. फोन पाळण्याच्या कडेला टेकवून ठेवायचा, सासूबाई शुभंकरोती म्हणायच्या, मग पाळणा, मग गावातल्या बातम्या, सगळं बाळाला उद्देशून, कोंकणीत. तो अर्धा तास मी अंघोळ करायचे. आमच्या घरात बोलणं कोंकणी आणि वाचन मराठी. ते दोन्ही मुलीच्या कानावर पडलं ते या अर्ध्या तासामुळे. दूर राहून आजीला बाळ सांभाळता येत नाही, असं कुणी म्हटलं तर मी मानत नाही.

लशी आणि पहिली गोवा फेरी

भारतात पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र) लस सहा, दहा, चौदा आठवड्यांना, यूएईत तशीच लस दोन, चार, सहा महिन्यांना. गोवर आपल्याकडे नवव्या महिन्यापासून, तिकडे बाराव्या महिन्यात एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला यांची एकत्र लस). म्हणून नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान गोव्याला येणार असाल तर आधी तिकडच्या बालरोगतज्ज्ञांशी बोला. लशींचं एकच कार्ड ठेवा, दोन्ही देशांच्या नोंदी त्यावरच. प्रत्येक नोंदीनंतर त्याचा फोटो दोन्ही आज्यांना.

पासपोर्ट आणि व्हिसा दोन्ही हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका. आणि सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त इकडे राहिलात तर तिकडचा निवासी व्हिसा रद्द होतो, हेही लक्षात असू द्या. गोव्याच्या दोन विमानतळांपैकी मोपा की दाबोळी, हे घर कुठे त्यावरून ठरवा. पेडणे-डिचोलीवाल्यांना मोपा जवळ, मुरगाव-सालसेतवाल्यांना दाबोळी. विमान चढताना आणि उतरताना बाळाला पाजा म्हणजे कान दुखत नाहीत. उतरल्यावर कारसीटचा प्रश्न पुन्हा येतो. आम्ही ती विमानातून सोबत आणली, आणि न्यायला आलेल्या दिरांनी ती बघून ‘हें कितें?’ म्हणून अर्धा तास लावला बसवायला.

पावसाळ्यात येणार असाल तर मच्छरदाणी आधी टांगून ठेवायला सांगा, डेंगीचे दिवस असतात. बाळ बघायला येणाऱ्यांनी हात धुवायचे आणि मुका घ्यायचा नाही, हे सुनेने सांगायचं काम नाही. ते सासऱ्यांवर सोपवा. आमच्याकडे ते दारात खुर्ची टाकून बसले. बाजूला बादली, तांब्या, साबण. येणाऱ्याला आधी हात पुढे करायला लावायचे आणि मगच आत सोडायचे. देवळातले पुजारी आले, त्यांनाही सोडलं नाही.